शेपटी न हलवणारा उंदीर

१८७४ च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेतून लंडनला एक मृतदेह पोचला. मीठ लावून, उन्हात वाळवून, झाडाच्या सालीत आणि कापडात गुंडाळून तो शेकडो मैल माणसांच्या खांद्यावरून समुद्रापर्यंत आणला होता. देह डेव्हिड लिव्हिंग्स्टनचाच आहे का, याची खात्री सर विल्यम फर्ग्युसन या शल्यविशारदाने डाव्या दंडाच्या हाडावरून करून घेतली. तीस वर्षांपूर्वी सिंहाने तो दंड फोडला होता आणि हाड पुन्हा कधी नीट सांधलेच नव्हते. देहासोबत आफ्रिकेहून आलेला जेकब वेनराइट हा गुलामगिरीतून सुटलेला तरुण. त्याचे शिक्षण झाले होते नाशिकजवळ शरणपूरच्या मिशन शाळेत. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत शवपेटीच्या मानकऱ्यांत तोही होता.

सिंहाची ती घटना लिव्हिंग्स्टनने १८५७ च्या आपल्या प्रवासग्रंथात सांगितली आहे. सिंहाने दंड जबड्यात धरून त्याला गदागदा हलवले. त्यानंतर त्याला एक प्रकारची गुंगी आली. काय चालले आहे ते सगळे दिसत होते, कळत होते. पण वेदना नव्हती आणि भीतीही नव्हती. मांजराने पहिला हिसका दिल्यावर उंदराला असेच होत असावे, असा तर्क त्याने केला. मरणाचे दुःख हलके व्हावे म्हणून ही परमेश्वराची दया, असा अर्थही लावला. धर्मोपदेशकाने लावलेला तो अर्थ बाजूला ठेवला, तरी निरीक्षण मात्र अस्सल होते. मांजर आणि उंदराचा तो तर्क प्रयोगशाळेत तपासला जायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

दरम्यान युद्धांनी अशी उदाहरणे ढिगाने पुरवली. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधला नामदेव जाधव हा शिपाई मशीनगनच्या माऱ्यात सापडला. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा हा तरुण. दोन जखमी सोबत्यांना त्याने एकेक करून नदीच्या पाण्यातून, चढणीवरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग परत फिरून पहिल्या मशीनगनवर चालून गेला. हाताला गोळी लागली आणि बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून देऊन त्याने हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन ठाणी बंद पाडली. शेवटी बंधाऱ्यावर चढून शिवाजी महाराजांचा जयघोष करत मागच्या कंपन्यांना त्याने पुढे बोलावले. या कामगिरीसाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फुटलेल्या हाताने माणूस बॉम्ब फेकतो कसा, याला आपल्याकडे एकच उत्तर असते: शौर्य. ते उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही.

त्याच इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर हा अमेरिकी भूलतज्ज्ञ जखमींना एक साधा प्रश्न विचारत फिरत होता: दुखण्यावर काही हवे का? फुटलेली हाडे, छातीत आणि पोटात घुसलेल्या गोळ्या, अशा अवस्थेतले पण शुद्धीवर असलेले २१५ सैनिक त्याने नोंदवले. चारपैकी जवळजवळ तिघांनी नको म्हटले. एक तृतीयांश जणांना तर वेदना मुळीच जाणवत नव्हती. त्यांच्या नसा बधिर झाल्या होत्या असेही नाही. शिरेत सुई नीट न टोचणाऱ्याच्या नावाने हीच माणसे ओरडत होती. बीचरने हे निष्कर्ष १९४६ मध्ये छापले. सैनिकाच्या लेखी जखम म्हणजे आघाडीवरून सुटका, म्हणून तिचे दुखणे कमी, असा त्याचा कयास होता.

त्या काळात कल्याणलगत लष्कराचा मोठा ट्रान्झिट कॅम्प होता. दोन हजारांवर बराकी, सैनिकांची सततची ये-जा. युद्ध संपले, छावणी ओस पडली आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावे आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. आधी लढाईला निघालेली आणि मग घर सोडून आलेली माणसे एकाच छपराखाली राहून गेलेली ही जागा आहे. मोठ्या ताणाखाली शरीर वेदनेचे काय करते, हा प्रश्न अशा गावाला परका नाही. त्याचे उत्तर मात्र फार दूर, कॅलिफोर्नियात, पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यांत सापडायचे होते.

त्याआधी अफूकडे वळावे लागते. माळव्याच्या अफूवर मुंबईच्या किती पेढ्या उभ्या राहिल्या हे सर्वश्रुत आहे. कमी ठाऊक असते ते हे, की गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ही मुले दिवसभर निजून राहावीत म्हणून त्यांना अफूची बाळागोळी देत. अफूने दुखणे थांबते आणि झोप येते, हे हजारो वर्षांपासून ठाऊक होते. का, ते ठाऊक नव्हते. १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क व उप्साला इथल्या दोन गटांनी, मेंदूत अफूजन्य द्रव्ये नेमकी जिथे जाऊन चिकटतात ती ग्राही स्थाने दाखवून दिली. आता नवा प्रश्न उभा राहिला. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी निसर्गाने माणसाच्या, उंदराच्या आणि माशाच्याही मेंदूत जागा का राखून ठेवावी? शरीरच तसे काहीतरी बनवत असणार.

या शंकेचा एक पुरावा आधीच हाती आला होता. १९६९ मध्ये डेव्हिड रेनल्ड्सने उंदराच्या मेंदूच्या मध्यभागी, एका बारीक नलिकेभोवतीच्या करड्या भागात विजेची तार घातली आणि भूल न देता त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. उंदीर जागा होता, पण धडपडला नाही. फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन लीबेस्किंड यांच्या प्रयोगशाळेत मात्र डेव्हिड मेयर आणि दमास्कसमध्ये जन्मलेली हुदा अकील हे विद्यार्थी त्याच वाटेने निघाले होते. १९७१ मध्ये त्यांनी तोच परिणाम पक्का केला. मग अकीलने जो प्रयोग केला, तो या सगळ्या इतिहासाचा कणा आहे. विजेने वेदना बंद पडलेल्या उंदरांना तिने नॅलोक्सोन टोचले.

नॅलोक्सोन स्वतः काहीच करत नाही. ते मॉर्फिनच्या जागेवर जाऊन बसते आणि मॉर्फिनला बसू देत नाही, एवढेच. अफूच्या विषबाधेत मरणाच्या दारातून माणूस परत आणतात तो याच औषधाने. या उंदरांना मॉर्फिन दिलेलेच नव्हते. तरीही नॅलोक्सोन टोचल्यावर त्यांची वेदना बऱ्याच अंशी परतली. म्हणजे विजेच्या त्या झटक्याने उंदराच्या मेंदूतूनच मॉर्फिनसारखे काहीतरी सुटत होते.

ते काहीतरी हाती लागले स्कॉटलंडमध्ये. ॲबर्डीनला जॉन ह्यूज भल्या पहाटे सायकलवरून कत्तलखान्यात जाई आणि डुकरांचे मेंदू घेऊन येई. १९७५ च्या डिसेंबरात ह्यूज आणि बर्लिनहून येऊन तिथे स्थायिक झालेले हान्स कोस्टरलिट्झ यांनी पाच अमिनो आम्लांच्या दोन इवल्या साखळ्या जाहीर केल्या, एन्केफॅलिन. पाठोपाठ सॅन फ्रान्सिस्कोत चो हाओ ली यांनी इराकहून आलेल्या उंटांच्या पीयूषिका ग्रंथींतून ३१ अमिनो आम्लांची लांब साखळी वेगळी केली, बीटा-एंडॉर्फिन. शरीरातली स्वतःची अफू आता बाटलीत होती.

पण शरीर ती वापरते केव्हा? रोजच्या ठेचेला, भाजण्याला ती का धावून येत नाही? इथून पुढची कहाणी ताणाची आहे.

उंदराला किती दुखते हे विचारता येत नाही, म्हणून १९४१ पासून एक युक्ती चालत आली आहे. उंदराला एका अरुंद नळीत अलगद सरकवतात, शेपटी बाहेर. शेपटीच्या एका ठिपक्यावर दिव्याची तीव्र तिरीप सोडतात आणि घड्याळ चालू करतात. तीन-चार सेकंदांत चटका असह्य होतो आणि शेपटी झटक्यात बाजूला जाते. काटा थांबतो. मॉर्फिन दिलेला उंदीर शेपटी तशीच ठेवतो. कातडी भाजू नये म्हणून ठरावीक सेकंदांनंतर दिवा आपणहून विझवावा लागतो. औषधनिर्माणशास्त्राच्या आपल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी प्रात्यक्षिकाच्या वहीत हे सेकंद लिहिले आहेत.

१९७७ मध्ये हुदा अकील आणि स्टॅनफर्डमधल्या तिच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या तळपायांना विजेचे झटके दिले, असे की त्यांतून पळता येऊ नये. मग मोजमाप केले. उंदरांची वेदना कमी झाली होती आणि मेंदूतली अफूसदृश द्रव्ये त्याच प्रमाणात वाढली होती. हाच ताण दिवसेंदिवस दिल्यावर दोन्ही परिणाम ओसरले. त्याच वर्षी साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गिलमँ यांच्या गटाला दिसले, की ताण बसताच पीयूषिका ग्रंथीतून बीटा-एंडॉर्फिन आणि ताणाचे ओळखीचे संप्रेरक एसीटीएच ही दोन्ही जोडीने बाहेर पडतात. ही जोडी योगायोगाची नव्हती. क्योतोच्या शोसाकु नूमा यांच्या प्रयोगशाळेने १९७९ मध्ये दाखवून दिले, की दोन्ही एकाच मोठ्या प्रथिनाचे तुकडे आहेत. शरीर संकटाची घंटा वाजवते तेव्हा त्याच हाताने वेदनेचे दारही लोटून घेते.

चित्र स्वच्छ दिसत होते आणि तेवढ्यातच ते विस्कटले. साल्कच्याच गटाला झटक्यांनंतर बीटा-एंडॉर्फिन रक्तात वाढलेले आढळले, मेंदूत नाही. १९७८ मध्ये तर मेयरच्या गटाने, अकीलच्या त्या जुन्या सहाध्यायाच्या गटाने, उंदरांना गरगर फिरवून आणि थोडा वेळ झटके देऊन पाहिले. वेदना कमी झाली खरी, पण नॅलोक्सोनला ती जुमानेना. मॉर्फिनच्या जागा अडवूनही उंदीर बधिरच. एकीकडे स्टॅनफर्डचे आकडे, दुसरीकडे हे. ताणाने येणारी बधिरता अफूची की नाही, यावर परिषदांतून वाद झडू लागले.

तो वाद १९८० मध्ये जेम्स लुईस, टिमथी कॅनन आणि लीबेस्किंड यांनी मिटवला. त्यांचे काम दोन पानांत मावेल इतके नेटके होते. वीज तीच, तीव्रता तीच, पिंजरा तोच. उंदरांच्या एका गटाला सलग तीन मिनिटे झटका. दुसऱ्याला अर्धा तास, पण दर पाच सेकंदांनी एकच सेकंद. दोन्ही गटांतल्या उंदरांनी शेपटी सारख्याच उशिरा हलवली. मग नॅलोक्सोन दिले. अर्ध्या तासाच्या गटाची बधिरता गेली. तीन मिनिटांच्या गटाची जागची हलली नाही. म्हणजे वेदना आवरण्याच्या दोन वेगळ्या व्यवस्था शरीरात आहेत आणि कोणती चालू होणार हे केवळ ताण किती मोठा यावर नाही, तो कसा येतो यावरही ठरते. आधीच्या सगळ्या प्रयोगशाळा आपापल्या जागी बरोबर होत्या; प्रत्येकीने वेगळा ताण दिला होता. या क्षेत्रातला सर्वांत सुंदर प्रयोग कोणता, असे कोणी विचारले तर बोट इथेच ठेवावे लागेल.

मिनिटे आणि सेकंदांपलीकडे आणखी एक गोष्ट होती, आणि ती अस्वस्थ करणारी आहे. कोलोरॅडोत स्टीव्हन मायर यांनी उंदरांच्या जोड्या लावल्या. दोघांच्या शेपटीला एकाच तारेतून वीज. एका उंदरापुढे चाक होते. त्याने ते फिरवले की दोघांचाही झटका थांबे. दुसऱ्यापुढेही चाक होते, पण ते कशालाच जोडलेले नव्हते. दोघांना मिळालेली वीज सेकंदागणिक सारखी. दुसऱ्या दिवशी थोडेसे झटके देऊन पाहिले, तर खोलवर बधिर झालेला सापडला तो दुसरा उंदीर, ज्याच्या हातात काहीच नव्हते. आणि त्याची बधिरता अफू अडवणाऱ्या औषधाने उतरली. उंदराचा मेंदू नुसता झटका मोजत नव्हता. आपल्या धडपडीचा काही उपयोग होतो का, हेही जोखत होता. सुटका नाही हे पटल्यावर त्याने अफूचा साठा उघडला.

वीज ही माणसाची करामत, निसर्गात ती कुठे असते, असा आक्षेप रास्त होता. त्याला १९८२ मध्ये क्लाउस मिचेक यांनी उत्तर दिले. परक्या उंदराच्या हद्दीत सोडलेला छोटा उंदीर चावे खाऊन खाऊन शेवटी मागच्या पायांवर उभा राहतो, पुढचे पाय ढिले सोडतो, मान मागे टाकतो. ही शरणागतीची मुद्रा. हरलेल्या उंदरांची वेदना मॉर्फिन घेतल्यासारखी कमी झालेली होती आणि नॅलोक्सोनने ती परत आली. मग १९८५ मध्ये लिव्हिंग्स्टनचा तर्क शब्दशः तपासला गेला. लेस्टर आणि मायकल फॅन्सेलो यांनी उंदरांना मांजर दाखवले. मांजराने स्पर्शही केला नाही. नुसत्या सान्निध्याने उंदरांत अफूची बधिरता उतरली. सिंहाच्या जबड्यात आलेली ती गुंगी आता रसायनाच्या भाषेत सांगता येत होती.

भारतातूनही या कामात लवकर भर पडली. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले श्रीनिवास कुलकर्णी यांनी १९८० मध्येच दाखवले, की उष्णता आणि इतर शारीरिक ताणांनी येणारी बधिरता नॅलोक्सोनने उलटते आणि तिच्यात कॅटेकोलामाइन द्रव्यांचाही हात असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्याची आठवण करून देणारा हा ताण निवडला गेला, हे विशेष. प्रायोगिक औषधशास्त्रावरचे त्यांचे हस्तपुस्तक देशभरातल्या फार्मसी महाविद्यालयांत वापरले जाते. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या न्यूरोपेप्टाइडांवर वर्षानुवर्षे जे काम उभे केले, तेही याच कुळातले.

एवढे वाचून वाटेल, की शरीराची ही सोय म्हणजे निव्वळ वरदान. तसे नाही. १९८४ मध्ये लीबेस्किंड यांच्याच प्रयोगशाळेत येहुदा शाविट आणि सहकाऱ्यांनी तेच दोन प्रकारचे झटके पुन्हा दिले आणि या वेळी शेपटीऐवजी प्रतिकारशक्तीच्या पेशी तपासल्या. कर्कपेशी आणि विषाणू लागलेल्या पेशी मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी अर्ध्या तासाच्या, म्हणजे अफूच्या ताणाने दुबळ्या झाल्या. तीन मिनिटांच्या ताणाने नाही. बाहेरून मोठ्या प्रमाणात मॉर्फिन दिल्यावरही तेच झाले. वेदना आवरण्याची किंमत शरीर दुसऱ्या खात्यातून भरत होते. परळच्या केईएम रुग्णालयात शारदिनी डहाणूकर, निर्मला रेगे आणि ऊर्मिला थत्ते यांनी हा धागा उलट्या टोकाने धरला. गुळवेल, शतावरी, आवळा, अश्वगंधा, पिंपळी आणि हिरडा या सहा रसायन वनस्पतींनी ताण दिलेल्या उंदरांची हानी किती टळते, याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी वाचक डहाणूकरांना झाडाफुलांवरच्या लेखनामुळे ओळखतात. त्यांचे हे कामही तितकेच ओळखीचे व्हायला हवे.

माणसाकडे परतताना विज्ञान पुन्हा सैनिकापाशीच आले. १९९० मध्ये रॉजर पिटमन आणि बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या, मनावर त्या आघाताचे व्रण असलेल्या आठ जणांना युद्धपटातली पंधरा मिनिटे दाखवली. त्यानंतर त्यांना जाणवणारी वेदना सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. नॅलोक्सोन दिलेले असताना ती कमी झाली नाही. तितकेच युद्ध पाहिलेल्या पण आघाताचा आजार नसलेल्या सैनिकांत असे काही घडले नाही. गोळी सुटून वीस वर्षे झाली होती. पडद्यावरची सावली पुरेशी ठरली. छावणीच्या बराकीतून वसलेल्या उल्हासनगरसारख्या गावात, जिथे एक अख्खी पिढी घडलेल्या गोष्टी न बोलता जगली, तिथे हा निष्कर्ष कोणा डॉक्टरने कपाटात ठेवण्यासारखा नाही. दुखत नाही म्हणणारा माणूस बरा झालेला असतोच असे नाही.

उरलेले दुवे पुढे जुळत गेले. १९९६ मध्ये बीटा-एंडॉर्फिन बनवूच न शकणारे उंदीर जन्माला घातले गेले. बाहेरून दिलेले मॉर्फिन त्यांना नीट लागू पडे, पण पाण्यात थोडा वेळ पोहायला लावल्यावर येणारी अफूची बधिरता त्यांच्यात नव्हती. अफूशी संबंध नसलेली दुसरी व्यवस्था मात्र त्यांच्यात अधिक जोर धरून होती. ती दुसरी व्यवस्था कोणती, याचे उत्तर २००५ मध्ये अँड्रिया होमन यांच्या गटाने दिले. तोच तीन मिनिटांचा झटका, आणि बधिरता आणणारी द्रव्ये निघाली गांजाच्या जातीची. तीही मेंदूत घरचीच, आणि रेनल्ड्सने तार घातली होती त्याच करड्या भागातून सुटणारी.

आज आपल्याकडे पदवीच्या प्रात्यक्षिकांतून जिवंत उंदीर जवळजवळ गेले आहेत. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये तयार झालेल्या एक्स-फार्मसारख्या संगणक प्रणालींवर विद्यार्थी शेपटीचे सेकंद मोजतात. संशोधनासाठी मात्र उंदीर लागतातच, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या समितीची नजर त्यांवर असते. उंदराला आधी काही दिवस हाताची सवय करून द्यावी, हा दंडक नुसता भूतदयेचा नाही. घाबरलेल्या उंदराचे आकडेच खोटे येतात.

किती खोटे, हे २०१४ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून कळले. रॉबर्ट सॉर्ज आणि जेफ्री मोगिल यांच्या गटातल्या माणसांना बरेच दिवस शंका होती, की प्रयोग करणारा खोलीत उभा असला की उंदीर कमी दुखल्यासारखे वागतात. त्यांनी तपासले. पुरुष जवळ बसला की उंदरांच्या चेहऱ्यावरची वेदना लक्षणीय उतरे; स्त्री बसली तर नाही. पुरुष नको, त्याने रात्रभर घातलेला टी-शर्ट ठेवला तरी पुरे. नराच्या वासाने उंदरांना बसणारा ताण तीन मिनिटे सक्तीने पोहायला लावण्याइतका होता आणि बधिरता त्या ताणाचीच होती. स्त्रीचा टी-शर्ट शेजारी ठेवला की परिणाम मावळे. जगभरात इतकी वर्षे नोंदवलेल्या शेपटीच्या सेकंदांत आणि पंजे चाटण्याच्या मोजणीत दिवा धरणाऱ्याचा वास किती मिसळला असेल, हा विचार त्यांना टाळता आला नाही. यापुढे प्रत्येक निबंधाच्या पद्धती विभागात औषधाच्या मात्रेइतक्याच स्पष्टपणे लिहावे, की उंदीर हाताळला तो पुरुषाने की स्त्रीने, अशी शिफारस त्यांनी केली.